आठ मासे, एक गुंज कमी

सुगराबीनं ओढणीची गाठ सोडली
आणि माझ्या पाटावर काहीतरी ठेवलं.
आवाजावरूनच कळलं, पितळ नव्हे.

सराफ बाजारातली धूळ वर्षाच्या बोलीवर घेणारं तिचं घराणं.
आमच्या उंबऱ्यापुढचं झाडायचं, गटारीचा गाळ उपसायचा,
गोदेच्या पाण्यात पाटी घोळवायची,
आणि आमच्याच कानशीतून उडालेलं
कणाकणानं आम्हालाच विकायचं.
पण हा कण नव्हता.
"पूर उतरला तेव्हा सापडलं, दुसानेकाका.
नारोशंकराच्या खालच्या अंगाला. वजन करा फक्त."

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
ऑपरेशनची तारीख पुढच्या गुरुवारची.
तोवर बोटांवर दुकान चाललंय.

कड आधी. ओतलेल्या नाण्याला सांध्याची रेघ असते,
कितीही घासा, नखाला ती लागतेच.
इथं रेघ नाही. बारीक चिरा, बाहेरच्या अंगाला फाकलेल्या:
घणाखाली सोनं पसरलं, आणि पसरता पसरता थकलं.
जिभेला लावलं. काही बोललं नाही.
तांबं असतं तर बोललं असतं.
काट्यावर आठ मासे, एक गुंज कमी.
रोमच्या जुन्या राजांचं वजन हे. पुढच्यांनी
त्याच तोंडाच्या नाण्यातून चार चार गुंजा खाल्ल्या.

अंगठ्याखाली एक माणूस: नाक, हनुवटी,
केसांत पानांची माळ, मागं फितीची दोन टोकं लोंबती.
आणि मानेवर आडवा घाव, छिन्नीचा.
कुणीतरी राजाचा शब्द ऐकला नव्हता,
आतून पिवळा आहे का, ते बघितलं होतं.
मीही तेच केलं असतं.

लेण्यांत भाव कोरलाय म्हणतात,
एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण.
आमच्या दुकानातल्या फळ्यासारखाच,
फक्त रोज सकाळी पुसावा न लागणारा.

गार्गीनं मोबाइलवर फोटो ताणून अक्षरं वाचली.
"ए. मग यू, नाही, व्ही. मग उलटा एस.
मग आजोबा, नुसत्या काठ्याच आहेत. काठ्या आणि टिंबं."
"म्हणजे खोटं?" सुगराबीचा आवाज पडला.

सोनं खरं. वजन खरं. अक्षर खोटं.
असं कोण करतं? चोर तर नाही,
चोरानं आधी सोन्यात हात मारला असता.

मग मला हसू आलं, एकट्यालाच.
फळीवरून पुतळीचा ठसा काढला, पणजोबांच्या वेळचा.
ज्या पुतळ्या मी आयुष्यभर पाडल्या,
लग्नालग्नाला, तोळ्यातोळ्यानं,
त्यांच्यावरची उभी बाई मी लक्ष्मी म्हणून विकली.
मूळ ती व्हेनिसचा कुणी संत, असं एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं होतं.
आणि कडेनं? काठ्या आणि टिंबं.
आजोबा त्यांना वेल म्हणत, वडील नक्षी.
मी काहीच म्हटलं नाही, ठोकत राहिलो.

राजा कोण, ते ओळखणारे ओळखतील, पुस्तक उघडून.
मला दुसराच ओळखू आला.
लिपी येत नव्हती त्याला. पण एक काठी सोडली नाही.
समोर खरं नाणं ठेवून, श्वास धरून,
न कळणारं सगळं त्यानं तितक्याच इमानानं उतरवलं.

"आटवायचं नाही," मी म्हटलं. "कलेक्टर कचेरीत द्यायचं."
"तिथं काय मिळंल?"
"पावती."
तिनं माझ्याकडं बघितलं असावं.
गाठ पुन्हा बांधल्याचा आवाज आला, मग जिन्यावर चपला.
कुठं गेली, मला माहीत नाही. विचारलंही नाही.

गुरुवारी पट्टी सुटली की
आधी हा ठसा उजेडात धरणार आहे.
वाचता येणार नाहीच.
काठ्या मोजीन.